पन्नास मिलिमीटर

लेम्बितने काउंटरवर तीन दुर्बिणी मांडल्या,
थोरली, मधली, धाकटी,
आणि म्हणाला, वाइके, घाई नाही.
बाहेर एप्रिल संपत आला होता,
धक्क्यावर बोटींना रंग लागत होता.

थोरली ऐंशी मिलिमीटरची. तोंड केवढं!
अंधार पडला तरी उरलासुरला उजेड
ही खरवडून आणते, लेम्बित म्हणाला,
दुधाच्या पातेल्याची खरवड काढावी तशी.
शनीचं कडं हिच्यातून सुटं दिसतं,
मधली फटसुद्धा.
मी उचलून पाहिली.
एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलंय मी
सारेमाच्या या टोकाला.
वजन मला खांद्यानं कळतं, आकड्यानं नाही.
ही म्हणजे नाताळचा आठवडा.

मधली बरी होती.

धाकटी पन्नासची,
राईच्या अर्ध्या पावाएवढी,
आणि मानेत बाक.
सरळ मानेची घ्यायची तर तीही आहे, तो म्हणाला,
नाक जिकडे, नजर तिकडे,
पक्षी चटकन सापडतो.
पण आकाश बघायला गेलीस की पाठ धरते.
बाकाची सवय करावी लागते,
खाली वाकून बघायचं
आणि दिसतं वरचं.
मी म्हटलं, खाली बघायची सवय आहे मला,
सहा महिने रस्ता निसरडा असायचा.

खिडकीशी तिपाई लावली.
चष्मा राहू दे, म्हणाला, रबर खाली फिरव.
आधी नुसतं धुकं, मग माझीच पापणी,
मग एकाएकी खाडीपलीकडचं कुंपण
इतकं जवळ की मी मागे सरले.
मेटाचं घर.
चाळीस पटीला चित्र मळकं झालं,
चुलीवरच्या हवेसारखं थरथरायला लागलं.
वीसवर आण, लेम्बित म्हणाला.
सगळ्यांना जवळ हवं असतं.
जवळ गेलं की उजेड कमी होतो.

वीसवर आणलं.
मेटाची हिरवी टपालपेटी.
तिच्या फटीतून एक पिवळ्या पोटाचा पक्षी
चोचीत शेवाळ घेऊन आत गेला.
बाहेर आला. पुन्हा गेला.
मेटा जाऊन चार वर्षं झाली.
तिच्या मुलाची पत्रं कॅनडाहून यायची,
नंतर नुसती बिलं,
नंतर मीच उगाच थांबायचे, बेल वाजवून.
त्या फटीत माझं बोट एकदा अडकलं होतं.
नखावर वळ अजून आहे.

काय दिसतंय, लेम्बितने विचारलं.
टपाल, मी म्हटलं.

मग खांद्यावरची जुनी पिशवी काढली,
खात्यानं परत मागितली नाही म्हणून राहिलेली.
रजिस्टर पत्रांच्या कप्प्यात
धाकटी अशी बसली
की बक्कलसुद्धा लागलं.
लेम्बितने तोंड वाकडं केलं:
शनी हिच्यात जवाच्या दाण्यासारखा दिसेल,
मग माझ्या नावानं खडे फोडू नकोस.
पैसे वाचलेत तर तिपाईत घाल,
ती हलली की सगळं हललं.
मी घातले.

त्या रात्री धक्क्याच्या टोकाला गेले.
साडेअकराशिवाय अंधार होत नाही आता.
हंस कुठेतरी पाण्यावर कुजबुजत होते,
दिसत नव्हते. पन्नास मिलिमीटरला
तेवढा अंधार झेपत नाही, हे खरं.
गुरू मात्र सापडला, तिसऱ्या खेपेला,
शेजारी चार ठिपके एका रांगेत,
एक जरा फटकून.
बघता बघता कडेला सरकला आणि गेला.
तिपाई पक्की होती. पृथ्वी फिरत होती.
परत आणला. परत गेला.
हाताला हळूहळू लय सापडली,
पायडलची असते तशी.

हा उजेड तिथून निघून पाऊण तास झाला,
लेम्बितने सांगितलं होतं, जणू तक्रारच.
पाऊण तास!
आमच्या खात्यात
याला वेळेवर म्हणत.